हजेरी कोण घेत होता?

फुलचूर, १९५४

बिसरामभाऊले प्रेमिलाचा नमस्कार,

आज निकाल लागला. सावित्रीले कामावर परत घ्यायचा हुकूम झाला. पण माझ्या कोर्टातल्या गवाहीपासून तू माझ्याशी बोलला नाही, अन् माझं भेव जाऊन नाही राहिलं.

सावित्रीचं पोट दिसू लागलं अन् मालकानं तिले बिडी कारखान्यातून काढलं. कायद्यानं कारखान्यातल्या बाईले बाळंतपणाची रजा द्यावी लागते, म्हणून कोर्टात म्हणे, "ती कारखान्यात नव्हतीच, घरी बिड्या वळत होती." तू त्याचा मुनशी, शपथेवर तूही तेच बोलला. तुझी लाचारी मले समजते भाऊ.

मीही "याद नाही" म्हणणार होती. रस्ताभर तेच घोकत आली. पण सावित्रीच्या वकीलसाहेबानं इचारलं, "बाई, ती कुठं बसायची?"

तीन वर्षं माझ्या बाजूले बसली. तोंडातून खोटं निघालंच नाही. "कारखान्यात, माझ्या बाजूले."

"तिची हजेरी कोण घेत होता?"

तू दाराजवळच उभा होता. म्हटलं, "माझा भाऊ."

आता मालक तुले काढील काय? खोट्या शपथेसाठी पोलीस नेतील काय? वकीलसाहेबाले इचारायची हिंमत झाली नाही. सायकलची घंटी वाजली तरी पोलीस आला वाटून दाराशी धावते.

हे पत्र पेटीत टाकत नाही. उद्या मीच तुझ्या दारात येईन अन् दाराखालून सरकवीन. दार नको उघडू. पण आतून एकदा "कोण?" म्हण.

तुझीच लहान बहीण,
प्रेमिला