बर्म्युडाचा त्रिकोण आणि वास्कोचे पडदे

चि. सौ. सिद्धी हिस,

पेडण्याहून आईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सुखरूप आहोत, तूही बोटीवर तशीच असावीस हे देवी भगवतीपाशी माझं रोजचं मागणं. तुझा खोकला गेला का? त्या थंड खोलीत उभी राहून केक करतेस, तेव्हा गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर गौरेश मध्येच बोलतो, आणि नेट अडकलं की तुझं तोंड उघडं ते उघडंच राहतं, ते मला बघवत नाही. म्हणून पत्र. गौरेश याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे. वाचणार नाही असं त्याने कबूल केलंय. (गौरेश, वाचत असलास तर आधी कुकर बंद कर.)

मंगळवारी फोनवर तू माझ्यामागची भिंत ओळखून विचारलंस, आई, तुम्ही वास्कोच्या ऑफिसात कशा? मी म्हटलं, पडदे घ्यायला आले होते, वाटेत डोकावले. तू मान हलवलीस, पण तुला पटलं नसणार. पडद्यांसाठी पेडण्याचं माणूस म्हापशाच्या पुढे जात नाही. तर खरं काय ते ऐक.

सुरुवात शेजारच्या ताराने केली. आम्ही दोघी ओट्यावर पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत बसलो होतो, आणि तिच्या जावयाने पाठवलेला एक व्हिडिओ तिने लावला. त्यातला माणूस दबक्या आवाजात सांगत होता की बर्म्युडा म्हणून एक जागा आहे, तिथला समुद्र तिकोनी आहे आणि त्यात शिरलेल्या बोटी गडप होतात. विमानंसुद्धा. एक बोट म्हणे सापडली, पण तिच्यावर माणूस नाही. टेबलावर ताटं वाढलेली, चहा अजून कोमट. तारा म्हणाली, बर्म्युडा हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं गो. मी तेच पान पुन्हा पुसलं. तुझी बोट दर आठवड्याला तिथेच जाते, हे सगळ्या वाड्याला मीच तर सांगत फिरले होते.

गौरेश तुयेच्या कारखान्यातून आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, आई, त्या सगळ्या रचलेल्या गोष्टी, बोटी काय कुठल्याही समुद्रात बुडतात. (धीर देण्याची ही त्याची पद्धत. बापाची अशीच होती.) मग त्याने माझ्या फोनवर एक नकाशा घालून दिला. निळ्या पाण्यावर तुझी बोट म्हणजे एक बाण, शितापेक्षा लहान. तेव्हापासून सकाळी उठले की आधी देवाला हात जोडायचे, मग बाणाला. पदेर पाव घेऊन आला तर त्यालाही दाखवला. बोट चांगली चालली आहे, असं तो म्हणाला. त्याला त्यातलं काही कळत नाही हे माहीत असूनही मला बरं वाटलं.

मनात राहून राहून ती रिकामी बोट यायची. ताटं आहेत आणि माणूस नाही. आपल्याकडेही तू गेल्यापासून माझा हात सवयीने तिसरं ताट काढतो. काढलेलं परत कसं ठेवायचं, म्हणून त्यात पापड ठेवते. गौरेश तो पापड खातो.

मंगळवारी सकाळी बघते तर बाण नाही. नकाशा पुसला, फोन बंद करून चालू केला, नुसतं निळं पाणी. गौरेश कामावर, त्याचा फोन लागेना. मी ताराला उठवली आणि ज्यांनी तुला बोटीवर लावलं त्या वास्कोच्या ऑफिसाची वाट धरली. बसमध्ये ताराने शेजारच्या बाईला हळूच सांगितलं. म्हापशापर्यंत तुझी बोट हरवली होती, पणजीला बस बदलेपर्यंत बुडाली. आमच्याबरोबरच बस बदललेली ती बाई कुठ्ठाळीला माझा हात धरून रडायला लागली आणि मीच तिला समजावत होते, की अहो, अजून नक्की काही नाही. मग एका गृहस्थाने तुझं वय विचारलं आणि चष्मा पुसला.

ऑफिसातल्या मुलीने सांगितलं की फुकटच्या नकाशात बोट किनाऱ्यापासून लांब गेली की दिसत नाही, जवळ आली की परत दिसते. मी म्हटलं, मला बाण नको, माणूस दाखव. तिने कुणाकुणाला फोन केले, आणि शेवटी तू दिसलीस. डोक्यावर पांढरी टोपी, नाकाला पीठ. आणि पहिलं काय बोललीस?

"आई, जेवलात?"

मी हो म्हटलं. सकाळपासून पाणीसुद्धा पोटात नव्हतं. तुझ्याशी बोलायचं पुष्कळ होतं, पण मागे तारा आणि आमच्याबरोबर ऑफिसापर्यंत आलेली बसमधली माणसं उभी होती (ती बाईसुद्धा, रडणं अर्ध्यावर टाकून कशी जाणार), म्हणून तोंडातून पडदे निघाले. खोटं नको, म्हणून येताना घेतलेसुद्धा. खिडकीला आखूड पडतात.

तर तू आमची काळजी न करता सुखाने राहा. त्रिकोणातून जाताना मात्र बाहेर डोकावू नकोस.

तुझी,
यशोदाआई

ता. क. कंपनीने बोटीवरच्या कामाची मुदत वाढवायचं विचारलंय आणि 'आईंना विचारून सांगते' असं तू म्हणालीस, हे गौरेशने सांगितलं. खुशाल वाढव. चतुर्थी काय, दरवर्षी येते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला तारा आहे. (हे मला गौरेशने लिहायला सांगितलं.)

आणखी एक ता. क. हे पानाच्या मागे लिहिते, याचा फोटो तारा काढेल. गौरेश आता अंगणात आहे. दर रविवारी तो तुझी स्कूटर बाहेर काढतो, चालू करतो आणि तिच्यावर बसून राहतो. कुठे जात नाही. इंजिन बिघडू नये म्हणून, असं सांगतो. आधी मला खरं वाटलं. अलीकडे स्कूटर बंद केल्यावरही बसूनच असतो.

शेवटचं. मुदत वाढवू नकोस. चतुर्थीला घरी ये. मग तुला परत जावंसं वाटलं तर मी स्वतः विमानतळावर पोचवायला येईन. कंपनीने कारण विचारलं तर सांग, सासू सोडत नाही. कुठल्याही देशाच्या माणसाला ते पटेल.