गॉगल कसा दिसतो, हे कोण सांगणार

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (वाकलं की कमरेत चमक येते, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे). तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावोजींचा खोकला? पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणते, तू ‘बरं’ म्हणतेस आणि दोघींचं बोलणं तिथंच संपतं, म्हणून म्हटलं लिहावं.

तर आमच्या दवाखान्यातल्या एक्सरेवाल्या बाई दर रविवारी सात-आठ जणींबरोबर सायकलवरून लांब जातात. ‘तुम्हीपण या की, रविवारी घरी काय करता?’ असं त्यांनी विचारलं. (काय करते ते सांगण्यासारखं नव्हतं. चादरी धुते. एकटीच्या चादरी त्या किती, पण धुते.) मी हो म्हटलं. आधी खेळाडूंचा गॉगल घ्या म्हणाल्या, नाहीतर वाऱ्यानं डोळ्यांतून धारा लागतात.

दुकानदारानं माझ्यापुढे ढीग ओतला. खड्डे नीट दिसायला तपकिरी काच, कडक उन्हाला करडी, ढगाळ दिवसाला पिवळी. मान झटका, वाका, दोन उड्या मारा, नाही पडला तर तो तुमचा, असं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. आता गंमत अशी, की गॉगल लावायचा तर नंबरचा चष्मा काढावा लागतो (नंबरची काच पसंतीनंतर बसवतात), आणि तो काढला की मला आरसा कुठला आणि कपाट कुठलं तेही कळत नाही. पूर्वी अशा वेळी हे मागे उभे असायचे. ‘काढ’ किंवा ‘राहू दे’, एवढंच म्हणायचे. वीस वर्षं माझे चष्मे ह्यांनीच पाहिले, मी नुसते वापरले.

शेजारी निळ्या जर्सीतले एक गृहस्थ उभे होते. त्यांनाच विचारलं, अहो, बरा दिसतोय का? ते नाही म्हणाले नाहीत. मी दुसरा लावला, तिसरा लावला, त्यांच्यासमोर उड्या मारल्या (धक्का लागला तेव्हा माफीही मागितली). चौथ्या गॉगलला तर, आमच्या ह्यांना तपकिरी रंग आवडायचा आणि ह्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, हेही सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. इतकं शांतपणे माझं कोणी ऐकून बरेच दिवस झाले होते.

‘मॅडम,’ दुकानदार हळूच म्हणाला, ‘पुतळा आहे तो. जर्सी दाखवायला ठेवलाय.’

सगळं दुकान हसलं. सगळ्यात जास्त मी हसले. गॉगलची काच गडद असली की आतलं काही बाहेर दिसत नाही, हा त्याचा एक फायदा त्यानं सांगितलाच नव्हता. लाजेनं तोच गॉगल बांधून घेतला. निघताना तो भला माणूस म्हणाला, घरी कुणाला तरी दाखवा, आठ दिवसांत बदलून देऊ.

कुणाला तरी! घरी येऊन गॉगल लावला आणि या खोलीतून त्या खोलीत दोनदा जाऊन आले.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांचे गालगुच्चे घे.

तुझी,
धाकटी

ता. क. : फोटो पाठवणार होते. पण स्वतःचा फोटो काढताना माझं तोंड असं होतं, की दोष गॉगलचा की माझा हे तुला कळणार नाही.

आणखी ता. क. : हे गेल्यावर तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू ‘आता इथंच राहा’ म्हणालीस आणि मी ‘मला कुणाची गरज नाही’ असं फटकन बोलले. तू माझी बॅग उचलून गाडीपर्यंत आलीस. मी बोलले ते खोटं होतं. तेव्हाच कळलं होतं, पण गाडी सुटली होती.

शेवटचा ता. क. : बदलून घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीनं ये. भावोजींना सांग, गॉगलचं काम आहे, एका दिवसात उरकेल. राहा मात्र आठ दिवस.