लाकडी चिमटे, प्लास्टिकचे चिमटे

ती. भावोजी,

साष्टांग नमस्कार (टेबल आणि कपाट यांच्यामध्ये मावतो तेवढा). आपली कंबर, ताईचा गुडघा आणि चष्म्यांचे दुकान, तिन्ही चालती असावीत.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते मी स्वतःच्या हाताने केले, हे आपण जाणताच. जिन्यातला आपोआप लागणारा दिवा, न्हाणीघराची कडी (आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून लागते, त्यापायी एकदा झाले ते झाले), हिच्या चष्म्याची उजवी काडी आणि 'ठसा', हेही माझेच हातकाम. कुठला क्लास नाही, गुरू नाही. 'ठसा' म्हणजे जुन्यापान्या प्रिंटरांकडून सरळ लेबले छापून घेणारा माझा प्रोग्राम. कोणीही फुकट घ्यावा, आत डोकवावे, दुरुस्ती सुचवावी, असा मोकळा कारभार आहे. आपल्या दुकानात भिंगांच्या पाकिटांवर नंबर छापतो तो हाच. (ताईला अजून वाटते मी रबरी शिक्के विकतो. असो.)

अशा कामात ब्रँच नावाचा प्रकार असतो. मूळ प्रोग्रामची एक प्रत बाजूला काढायची, तिच्यात हवी ती मोडतोड करायची, जमले तर मूळ प्रोग्रामात मिसळायची, म्हणजे मर्ज करायची, आणि मग ती प्रत पुसायची. सोपे आहे. पण माझा स्वभाव पडला भिडस्त. कोणी तक्रार केली की त्याच्या नावाची ब्रँच काढायची, आणि पूर्ण खात्री पटल्याशिवाय मर्ज करायची नाही. होता होता त्रेचाळीस ब्रँच झाल्या. कुठली मर्ज झाली नि कुठली राहिली हे संगणकही सांगतो, पण संगणकाचे सांगणे मला हाताला लागत नाही. म्हणून मी खोलीत एक दोरी बांधली. प्रत्येक ब्रँचची एक चिठ्ठी, चिठ्ठीला एक चिमटा. लाकडी चिमटा म्हणजे मर्ज बाकी, प्लास्टिकचा म्हणजे झाली. भल्या भल्या कंपन्यांत इतकी स्वच्छ पद्धत नसेल.

गेल्या रविवारी मी सफाई काढली. दोरीकडे बघत प्लास्टिकवाल्या सव्वीस ब्रँच पुसल्या. त्यांतल्या तीन ब्रँचच्या बाबतीत संगणकाने आडमुठेपणा केला. म्हणे, ही ब्रँच अजून मर्ज झालेली नाही, पुसत नाही. आता दोरी माझ्या डोळ्यांसमोर, चिमटा प्लास्टिकचा, आणि हा मला शिकवणार? अशा वेळी जबरदस्तीने पुसण्याचा एक हुकूम असतो, तो मी दिला. मागे केरही राहू नये म्हणून तळ खरवडून काढण्याचाही दिला. मग नवी आवृत्ती जाहीर करून जगातल्या एकशे अठरा चष्मेवाल्यांना कळवले की आजवर तुम्ही ज्या वेगळ्या ब्रँचवर होतात ती आता मुख्य प्रोग्रामात आली आहे, जुने सगळे पुसा आणि नवे घ्या.

ती ब्रँच म्हणजे 'भावोजी-उणे'. आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी आपला प्रिंटर उणे चिन्ह गिळायचा, त्यावर मी औषध काढले होते. तसले प्रिंटर पुष्कळ निघाले.

गुरुवारी घुबडबाईंचे पत्र आले. (या दूरच्या एक चष्मेवाल्या बाई, फोटोच्या जागी घुबड लावतात, खरे नाव मी विचारले नाही.) त्यांच्या दुकानात उणे अडीचच्या माणसाला अधिक अडीचची भिंगे बसवली गेली. तो चष्मा लावून उठला आणि कोट अडकवायच्या खुंटीला वाट देऊन उभा राहिला. बाईंनी लिहिले होते, "साहेब, उणे कुठे गेलं? आणि तुमचं ऐकून जुनं पुसलं ते आता कुठून आणू? पुसण्याआधी कुणाला तरी दाखवत जा हो."

मी दोरीशी गेलो. मग हिला विचारले. ही म्हणाली, "त्या दिवशी वारा सुटला होता, टॉवेलला लाकडीच चिमटे धरतात. तीन घेतले, त्या जागी तीन प्लास्टिकचे लावले. मोजून. तुमचंच घेतलं म्हणून नीट ठेवलं, आणि वर मलाच बोलणार?"

सगळ्या दुकानांना छपाई थांबवून नंबर हाताने लिहायला सांगितले आहे. आता एकशे सतरा चष्मेवाले मला रोज विचारतात, अजून किती दिवस? औषध अकरा ओळींचे होते. दहा मला पाठ आहेत. अकरावीत एक आकडा होता, तो मी आपल्या दुकानात सदतीस पाकिटे वाया घालवून शोधला होता. बाकी सर्व क्षेम.

आपला,
धाकटा

ता. क. १ : एकशे अठरातले एक दुकान आपले. मी अकरा वेळा सांगूनही आपण काही नवीन घेत नाही. मागच्या पत्रात आपल्याला 'संगणकशत्रू' म्हटले, ते मागे घेतो.

ता. क. २ : ताई म्हणाली, दुकानातला तो जुना संगणक शनिवारी भंगारवाला नेणार. भावोजी, हात जोडतो, देऊ नका. चालू करू नका, पुसू नका, त्यावर बसून जेवू नका. 'भावोजी-उणे' आता जगात तिथेच आहे. मी शुक्रवारी येतो. (हे फोनवर सांगितले असते, पण ताई स्पीकर लावते.)

ता. क. ३ : ताईच्या कानावर जाईलच, म्हणून मीच सांगतो. सफाईच्या आदल्या दिवशी प्रिंटरच्या एका कंपनीने मला हेच काम, घरी बसून, पगारावर देऊ केले. अट एकच : काहीही मर्ज करण्याआधी किंवा पुसण्याआधी ते दुसऱ्या एका माणसाने पाहायचे. मी नकार कळवला. वर्षाला बावीस लाख.