‘तांदूळ’ आणि ‘शेण’ लिहिलेल्या बरण्या

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तू महिन्यासाठी सांभाळायला दिलेल्या दोन बरण्यांपैकी एकीतले किडे माझ्या तांदळाच्या पिंपात गेले, म्हणून हे पत्र. तुझी प्रकृती बरी असेल असे धरते; आमची विचारू नकोस. तुझ्या प्रयोगशाळेतला सहायक बरण्या न्यायला दारात उभा आहे, म्हणून मीही उभ्यानेच लिहिते आहे.

बरणीत कोण राहतो ते न लिहिता तो काय खातो ते लिहायची ही तुझी पद्धत (आईने लाडावून ठेवला, दुसरे काय). एकीवर ‘तांदूळ’, दुसरीवर ‘शेण’. तुझ्या भाऊजींनी पहिली बरणी सरळ पिंपात ओतली. वर मलाच म्हणतात, “तांदूळ लिहिलंय म्हणून तांदळात ओतलं. दुसरी नाही ओतली, हे उपकार समज!”

सोंडकिडा मला आता तोंडपाठ झाला आहे. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते, वरून बुजवते. चिरंजीव जेवणातच जन्मतात आणि घर खाऊन संपले की बाहेर डोकावतात. (भाऊजी निवृत्तीनंतर आरामखुर्चीतून तेवढ्यासाठीही डोकावत नाहीत, तो विषय वेगळा.) शेणकिडा अगदी उलट. स्वतःपेक्षा मोठा गोळा वळायचा आणि डोके खाली, मागचे पाय गोळ्यावर, असा उलटा लोटत निघायचे. गच्चीत सोडला की कुंडीला धडकतो, उताणा पडतो, उठतो, पुन्हा लोटतो. त्याला बघून मलाही एका जागी बसवत नाही. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून तसे कधी बसवलेच नाही. त्याच्यापायी रोज सकाळी डबा घेऊन गोठ्यावर जावे लागले. बत्तीस वर्षे मुख्याध्यापिका होते मी! आणि आता गोठेवाला रस्त्यातून ओरडतो, “बाई, तुमचं बाजूला काढून ठेवलंय!”

तेव्हा दोन्ही किडे घेऊन जा. पुन्हा माझ्या दारात बरणी दिसता कामा नये.

तुझी,
ताई

ता. क. पिंप चाळायच्या भानगडीत पडले नाही. तुझे सोंडकिडे तूच वेचून घे.

ता. क. २. शेणकिडा गच्चीत हरवला असे सहायकाला सांगितले आहे. तूही तसेच धर. तुझ्या काचेच्या पेटीत त्याला चार पावलेही चालता येणार नाहीत, आणि उद्या सकाळी उठून मी जाऊ तरी कुठे?

सहायकाच्या हाती दिले ते:
तांदळाचे पिंप, सोंडकिड्यांसकट, एक.
‘तांदूळ’ लिहिलेली बरणी, एक.
‘शेण’ लिहिलेली बरणी, धुऊन पुसून, रिकामी, एक.