तुझ्या ट्रंकेतली नाटकं

ईट, ता. भूम
१९ जानेवारी २०२५

चि. महेश्वरी,
अनेक आशीर्वाद. इथं ठीक आहे. ज्वारी हुरड्यावर आली आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बारीक अक्षर दिसतं. सात वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

डोळा बरा झाल्यावर तुझी ट्रंक उघडली. ती अमेरिकन नाटकांची पुस्तकं रद्दीत घालायची होती. त्यांनीच पोरगी बिघडवली, त्यांच्यापायीच तू घर सोडून जातीबाहेर सुगतशी लग्न केलंस, असं मी धरून चाललो होतो. आहे तरी काय त्यात, म्हणून एक वाचायला घेतलं. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण व्याकरणापलीकडं कधी गेलो नव्हतो. डिक्शनरी जवळ ठेवून आठ दिवसांत संपवलं. एक घर, एक जेवणाचं टेबल, दारू पिणारा बाप, आणि कुणालाच उठून जाता येत नाही. बाप गरजतो, माझ्या घरात माझंच चालणार. त्या ओळीपुढं समासात तू पेन्सिलनं लिहिलंयस, ‘अप्पा’.

मी दारूला कधी शिवलो नाही. तरी ते पुस्तक रद्दीत न घालता ट्रंकेतलं दुसरं काढलं.

आता पाच वाचून झाली. शेजारचे महांतप्पा विचारतात, या वयात असलं काळंकुट्ट कशाला वाचता सर? त्यांना काय सांगू? त्या नाटकांत कुणाचं भलं होत नाही. देव धावून येत नाही. पण पडदा पडायच्या आधी कुणीतरी एकजण खरं बोलतो. त्यानं घर सावरत नाही, बहुतेक वेळा मोडतंच. तरी तेवढ्यासाठी मी पुढचं पुस्तक हातात घेतो.

महेश्वरी, तुझी अव्वा बार्शीच्या दवाखान्यात चार दिवस शुद्धीवर होती. नव्हती, असं मी तुला सांगितलं. ती रोज विचारायची, “पोरीला कळिवलं का?” तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, “कळिवलंय. येत न्हाय म्हणली.” मी फोन केलाच नव्हता. तू सुगतला घेऊन येशील, चार पाव्हणे बघतील, एवढीच भीती होती. ती रडली नाही. “तिला रजा मिळाली नसंल,” म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी गेली.

दुसऱ्यांकडून कळून तू पोचलीस तेव्हा माती देऊन झाली होती. बायका कुजबुजत होत्या, आई बोलावत होती तरी आली नाही म्हणून. मी ऐकलं आणि गप्प बसलो. तू पाणीही न पिता एस.टी.नं परत गेलीस.

मागल्या आठवड्यात तुझ्या मावशीला, शांताक्काला, सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. “भावजी, मला सांगून काय व्हतंय? तिला सांगा,” एवढंच बोलून सूप घेऊन आत गेली. मी दारातूनच म्हटलं, गल्लीतल्या बायकांनाही तू सांग. तिनं सांगितलं. आता लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते बरोबरच आहे.

माफी द्यायची ती अव्वानं. ती मागायला मी उशीर केला. तू उत्तर द्यावंस, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. पत्र सुगतरावांनाही वाचायला दे.

तुम्हा मायलेकींशी खोटं बोललेला,
माणिकप्पा