पट्ट्याचं झाकण

९ जानेवारी १९७४, बुधवार

— आणि मग भांडी घासली. राख संपली होती म्हणून चुलीतलीच गरम राख ओढली, बोट भाजलं. दोन हंडे पाणी आणलं. त्यांचा डबा भरला – भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. धुणं दोरीवर टाकलं. त्यांचा सदरा उलटा करून वाळत घातला. इतकंच. ते गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून शोधते आहे, त्या सकाळी काहीतरी वेगळं असायला हवं होतं. सापडत नाही. दुपारी मिठागरावरची माणसं त्यांना खाटेवर घालून घेऊन आली. सदरा वाळला होता.

मग शेजारणींनी माझे हात धरले आणि उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात राहिली. अजून आहे. थंडीत ठणकते. आज भांडी घासताना ठणकली, म्हणून हे सगळं.

महिन्याभराने कपडे शिवायच्या गाळ्यात काम मागायला गेले. दाजी मास्तरांनी माझे हात पाहिले आणि म्हणाले, "ओव्हरलॉक मशीनवर तुम्हीच बसा, सरूबाई. हाताला अडकायला काही नाही, गळ्यात काही नाही. अशी बाई शोधून मिळायची नाही." सगळे हसले. मीही हसले असेन.

११ जानेवारी, शुक्रवार

नवी मुलगी आली. आनंदी. लग्नाला दीड महिना झालाय. दोन्ही मनगटांत भरून हिरव्या काचेच्या बांगड्या. बोलली की आधी त्या वाजतात.

दाजी म्हणाले, हिला मशीन शिकवा. कशाला, विचारलं. "तुमचे डोळे गेले आता. झबल्यांच्या कडा वाकड्या येतात. ही तयार झाली की तुम्ही खाली बसून दोरे कापा." सगळ्यांसमोर!

डोळे गेलेले नाहीत. रात्री पुड्यांचे कागद सोडवून वाचते ते काय नाकाने? याच कागदांवर मी अक्षरं शिकले. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातली भाषा कोणालाच येत नव्हती, तेव्हा चित्रं बघून तिन्ही दोरे मीच ओवले होते. दाजींनी नाही.

१२ जानेवारी, शनिवार

शिकवलं. खरं सांगायचं तर नीट शिकवलं. पदर कमरेला घट्ट खोच, वेणी वर बांध. कपड्यात टाचणी राहू देऊ नको – ही मशीन शिवता शिवता कडही कापते, सुरी टाचणीवर आदळली तर तुकडा डोळ्यात जातो. बोटं सुरीच्या अलीकडे ठेव, कापड ओढू नको, ते आपणच जातं. दोरा ओवायचा तर आधी बटण बंद. आणि बटण बंद केलं म्हणजे मोटर मेली असं समजू नको. ती फिरतच असते. पायडल दाबून तिचा दम संपव, पट्टा थांबलेला डोळ्यांनी बघ, मग हात घाल.

तिने एकदा ऐकून सगळं परत म्हणून दाखवलं. हुशार आहे. कड अशी सरळ घेतली की दाजी बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटी म्हटलं, पोरी, बांगड्या काढून बस. उजव्या हाताला चाक आहे, पट्टा आहे.

तिचा चेहरा उतरला. "मावशी, असं कसं बोलता?"

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

तिची सासू आली. काळं लुगडं, हातात हळदीकुंकवाचं ताट. गाळ्यातल्या प्रत्येक सवाशिणीला कुंकू लावलं. पालीहून येणाऱ्या ख्रिस्ती बेट्टीलासुद्धा तिळगूळ दिला. माझ्यापाशी आली आणि ताट बाजूला धरलं. कुंकू मला नको होतं. तिळगुळाला काय झालं होतं?

मग म्हणाली, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं, "माझ्या सुनेला बांगड्या काढायला सांगणारी तूच ना? स्वतःचा खाल्लास. आता माझ्या लवूवर डोळा?"

लवू म्हणजे आनंदीचा नवरा. मी त्याला पाहिलेलंही नाही.

दाजी खालमानेने तिळाचा लाडू फोडत होते. आनंदी मान खाली घालून शिवत राहिली. बांगड्या वाजत होत्या.

१५ जानेवारी, मंगळवार

आज लवकर गेले. चाकावर आणि पट्ट्यावर पत्र्याचं झाकण असतं, दोन स्क्रूचं. ते काढलं. पिशवीत टाकलं. घरी ट्रंकेत, त्यांच्या सदऱ्याखाली ठेवलंय.

कशासाठी? जरा भीती वाटेल. बांगड्या आपणच काढेल, नाहीतर घरी बसेल. माझी जागा राहील.

हे खोटं आहे. इथे तरी खोटं कशाला. त्या हातातली एक बांगडी फुटावी असं मला वाटलं. एकच. आणि ती फुटल्याचं पोरीला घरी जाऊन सासूला सांगावं लागावं. रात्रभर त्या बाईने लवूकडे बघत बसावं.

मला मजा वाटली लिहिताना.

१६ जानेवारी, बुधवार

दाजींना झाकण नसलेलं दिसलं. विचारतील वाटलं. म्हणाले, बरंच झालं, दोरा बदलायला वेळ जाणार नाही. कुठे गेलं हे विचारलंसुद्धा नाही!

बेट्टी शेजारच्या मशीनवर बसते. काल लवकर आली होती ती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाली, "सरू, ते परत लाव. मी कोनाला सांगनार न्हाय. पन लाव."

उद्या लावते म्हटलं.

१७ जानेवारी, गुरुवार

लावलं नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार

झाकण पिशवीत घालून नेलं होतं. खरंच नेलं होतं. गाळ्यात पाय ठेवला तर दाजी आनंदीची झबली उजेडात धरून उभे. म्हणाले, "बघा सरूबाई, याला कड म्हणतात. सोमवारपासून तुम्ही दोरे घ्या." पिशवी तशीच खुंटीला राहिली. संध्याकाळी तशीच घरी आली.

सुट्टीत आनंदीने कागदाची पुडी पुढे केली. तिळगूळ. सासूला कळू देऊ नका म्हणाली. मग विचारलं, तुम्ही कागद वाचता ना, मला अक्षरं शिकवाल? तिला आईला पत्र लिहायचंय. दापोलीकडे कुठेतरी माहेर आहे. पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलं की मनातलं लिहिता येत नाही म्हणाली.

हो म्हटलं. तिळगूळ खाल्ला. गोड होता.

त्याच पुडीचा कागद सोडवून बसले आहे आता, पण वाचवत नाही.

१९ जानेवारी, शनिवार

दुपारी दोरा तुटला. तिने बटण बंद केलं. मी समोरच होते, जमिनीवर. दोरे कापायला दाजींनी आजच बसवलं. तिने सुई वर घ्यायला उजवा हात चाकाकडे नेला. मोटरचा दम संपवायचा विसरली. पाय पायडलवर होता, तो दाबला गेला आणि पट्टा फिरला.

मला दिसत होतं. "थांब" म्हणायला वेळ होता की नव्हता हे मी दहा वेळा मोजून पाहिलं. होता, असं वाटतं.

पट्ट्याने बांगड्या ओढल्या, बांगड्यांनी हात. काचा सगळ्या आत गेल्या. ती ओरडली नाही. फक्त आवाज थांबला – बांगड्यांचा. टेबलावरची पांढरी झबली सगळी लाल. बटण तर बंदच होतं; बेट्टीने सरळ पट्टाच उपसून काढला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

एक बांगडी म्हटलं होतं मी. त्या हातात अकरा होत्या.

२० जानेवारी, रविवार

बेट्टी दवाखान्यात जाऊन आली. उजव्या हाताची दोन बोटं आता वळणार नाहीत, अंगठ्याचंही काही खरं नाही.

मी दिवसभर घर सारवत होते. सारवलेलंच पुन्हा सारवलं.

२१ जानेवारी, सोमवार

दाजींनी मला पुन्हा मशीनवर बसवलं. म्हणाले, बांगड्या घालून बसेल त्या बाईचं असंच व्हायचं, तुम्ही तर आधीच सांगितलं होतं. सगळ्या बायका माना डोलावत होत्या. तीन वर्षांत पहिल्यांदा गाळ्यात माझी बाजू घेतली कोणी!

झबल्यांच्या कडा सरळ आल्या. हात हलला नाही. माझीच मला भीती वाटली.

संध्याकाळी आनंदीकडे गेले. आजच घरी आणलंय तिला. खाडीच्या बाजूला एक खोली आहे त्यांची. सासू दारातच बसली होती. मला शिव्या देईल वाटलं. उठून जागा दिली तिने! म्हणाली, "तू सांगत होतीस ते खरं होतं, बाई. पण ही पोरगीच पांढऱ्या पायाची. दीड महिन्यात चुडा फुटला हिचा. कुंकू लावून आणली ती माझ्या लेकाच्या जिवावर उठायला." गुरुवारी माहेरी पाठवणार आहेत. परत आणायचं नाही. एका हाताची आणि अपशकुनी सून कोण ठेवेल, म्हणाली. लवू कोपऱ्यात बसला होता. त्याने मान वर केली नाही.

भीती सासूला वाटावी असं मला हवं होतं. वाटली. तिने ती उचलून पोरीच्या पदरात टाकली.

आनंदी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुसरा हातही ओका होता. उरलेल्या बांगड्या दवाखान्यात काढल्या असतील. मी जवळ बसले तर म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळं सांगितलं होतं. मोटरचा दम संपव म्हणून. माझीच चूक." आणि मग, "आता पत्र डाव्या हाताने शिकवाल?"

घरी आले. जेवले नाही. ट्रंक उघडली. सदऱ्यावर झाकणाचं तेल उमटलं आहे, पाठीवर, गोल. धुतलं तरी जाणार नाही.

२३ जानेवारी, बुधवार

काल गाळ्यात गेले नाही. झाकण घेऊन आनंदीकडे गेले. सासू होती, लवू होता, शेजारच्या दोघी होत्या. ते आनंदीच्या डाव्या हातात दिलं, आणि आठवडाभर कुठे होतं ते सांगितलं.