दाढेतली सरकी आणि शकूरचे घर

सोनाळा
पौष लागला, थंडी झकास

भाई शकूर यास,

रामराम आणि सलाम. (दोन्ही एकदमच घे.) तुझी तब्येत, सुगराबीभाभींचे गुडघे आणि सुरतेची हवा ठीक असेल अशी आशा करतो. त्यातली हवा ठीक नसली तरी चालेल, कारण पुढे कळेलच. तौसिफचे फोमच्या गाद्यांचे दुकान जोरात चालो. पिंजाऱ्याच्या पोराने फोम विकावा आणि पिंजाऱ्याने त्यावर झोपावे, याबद्दल मी काही बोलणार नाही. तू निरोप धाडला होतास की सोनाळ्याचे घर विकायला काढायचे आहे, किल्ली माझ्यापाशीच आहे, तर मी एखादे गिऱ्हाईक बघावे. त्याचे काय झाले ते सांगायलाच हे पत्र, पण आधी माझी दाढ.

तुला ठाऊकच आहे, ही खालची उजवी दाढ दर हिवाळ्यात उठते आणि मी तुझ्या ओट्यावर येऊन बसतो. मग तू पिंजण बाजूला ठेवायचास, ताज्या पिंजलेल्या कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून दाढेत दाबायचास आणि वर "आता चूप बस बे" म्हणायचास. यंदा ओट्यावर कोणी नाही, दाराला कुलूप. म्हणून मी स्वतःच डोके चालवले. घरात कापसाला काय तोटा! (भाव चढेल या आशेवर पुढची खोली आढ्यापर्यंत भरली आहे. निम्मा गुलाबी बोंडअळीने पिवळा केलेला. आम्ही नवराबायको ओसरीत निजतो आणि अंग खाजवतो.) त्यातलाच चिमूटभर ओढला आणि चष्मा न लावता ठासून बसवला. गाल असा फुगला की कोकिळा (बायको माझी, पण बाजू कायम तुझी घेणारी) म्हणाली, "शकूरभाऊ असते तं हे झालं असतं काय?" एक तर तोंड उघडत नव्हते, आणि दुसरे म्हणजे तिचे खरे होते.

शेवटी बुलढाण्याला गेलो. राजूर घाटात एस.टी.ने मारलेले प्रत्येक वळण दाढेला कळले. तिथे डॉ. नाजिश म्हणून तरुण दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी चिमट्याने बोळा काढला, मग आणखी काहीतरी काढून उजेडात धरले. "काका, हे काय?" मी म्हटले, "सरकी." "दाढेत?" मी म्हटले, "बीटी हाय." (निदान वाण चांगला आहे एवढे तरी कळावे!) बाई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग त्यांनी साखर तपासली, गोळ्या दिल्या आणि सूज उतरल्यावर दाढ काढायला बोलावले.

दुसऱ्या खेपेला नवीनच. बाईंनी दाढ काढायच्या आधी दंडातून रक्त काढले. मी म्हटले, दुखते वर आणि ही बाई खणते खाली. तर म्हणाल्या, तुम्हाला साखर आहे, जखम लवकर भरत नाही, पुन्हा पू व्हायची भीती, म्हणून तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट त्या खड्ड्यात भरते. जंतूंना अटकाव करायला आणि जखम भरून यायला त्यांची मदत होते. ते रक्त नळीत घालून यंत्रात गरगर फिरवले. लाल खाली बसले आणि मधोमध साईसारखा पिवळसर गोळा धरला. शकूर, त्या यंत्राची घरघर ऐकताना मला तुझी पिंजण आठवली. ती वाजत होती तोवर मला तिचा त्रास व्हायचा, दुपारची झोप मोडायची. आता आख्खी दुपार शांत असते आणि झोप येत नाही. खुर्चीत माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाईंना वाटले सुईला घाबरलो. मी तसेच वाटू दिले.

तरी शेतकऱ्याची जात, एकदा पोळलेली. मी विचारले, "बाई, बीटीचंही असंच सांगतलं होतं. बीच अळीशी लढते, तुम्ही खुशाल झोपा. अन् अळीनं बोंड पोखरलं. हे तसलं तं नाही?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, नुसत्या याच्या भरवशावर राहायचं नाही. गोळ्या पूर्ण घ्यायच्या, तोंड स्वच्छ ठेवायचं, आणि दाखवायला यायचं." बियाणेवाल्याने इतके खरे सांगितले असते तर! मग खड्डा भरला, टाके घातले आणि मला बोलायची बंदी केली. कोकिळा सोबत होती. ती म्हणाली, "यायच्या तोंडात दरसाली असंच काईतरी भरत जा, बाई!"

आता तुझे घर. मी गालाला उपरणे बांधून बसलो होतो, तेवढ्यात खताच्या दुकानाचे हिंमतराव आले. त्यांना तुझ्या घरात गोण्या ठेवायच्या आहेत. विचारू लागले, "शकूरभाई कुठं असतात आता? त्यायच्याशीच बोलतो." मी तोंडाकडे बोट दाखवले, मग लांब, मावळतीकडे, वर हात केला. सुरत मावळतीलाच आहे ना? हिंमतरावांनी टोपी काढली. "अरारा! कवा?" मी मान हलवली, म्हणजे तसे नाही. त्यांना वाटले, दुःखाने हलली. संध्याकाळपर्यंत गाव तुझ्या ओट्यावर जमा. पंचफुला पदर डोळ्यांना लावून सांगत होती, "माह्या लग्नाची गादी त्यायनंच भरली होती, आजून आतल्या कापसाची गठुळी झाली नाही." ज्याच्या त्याच्या घरी तुझी एक गादी निघाली. मी मधोमध मुका उभा, आणि खोटी बातमी मलाही खरी वाटायला लागली. मग मात्र राहवले नाही. टाक्यांची पर्वा न करता ओरडलो, "जिता हाय बे शकूर! सुरतेले हाय!"

कळावे. भाभींना सलाम, तौसिफला आशीर्वाद.

तुझा,
एका दाढेने कमी झालेला,
उत्तमराव

ता. क. बाईंनी बोलायची बंदी फक्त त्याच दिवसापुरती घातली होती. हिंमतराव आले ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. टाकेही निघाले होते. उपरणे मी त्यांना गल्लीत शिरताना पाहून बांधले.

आणखी एक. हिंमतरावांना अजून वाटते की तू गेलास आणि मी मैत्रीपोटी मान्य करत नाही. मेलेल्याचे घर लगेच घेणे बरे दिसत नाही म्हणून ते थांबले आहेत. त्यांची खात्री पटवायला तुला स्वतः यावे लागेल.

शेवटचे. दाढेची जागा भरून आली. बाई म्हणाल्या, भरलेले आपलेच होते म्हणून छान धरले. शकूर, तुझ्या घरात मी खताच्या गोण्या भरू देणार नाही. ओटा कालच झाडला आहे आणि डाव्या बाजूची दाढ दुखायला लागली आहे. ये.